खुटबावच्या मामांचा तळहात

ग्रीसचा वास आला की खुटबावचं ते ट्रॅक्टर दुरुस्तीचं पत्र्याचं शेड आठवतं. जुनी लाल स्पोर्ट्स कार मी हौसेनं घेतली होती आणि तिला मोठा एअर फिल्टर स्वतःच बसवला होता. तेव्हापासून ती उभ्या जागी धडधडायची. शिरूरच्या गॅरेजवाल्यानं इंजिन गेलं म्हणून सांगितलं, तेव्हा जड मनानं मी ती विकायला काढली. गिऱ्हाईकाकडे दौंडला नेताना ती नेमकी त्या शेडपुढं बंद पडली. शेडमधले म्हातारे मामा जन्मभर ट्रॅक्टर खोलत आलेले. त्यांनी बॉनेट उघडून ती कशीबशी सुरू करायला लावली आणि कान देऊन वाकले. "मामा, असली गाडी कधी उघडलीय?" मी विचारलं. "न्हाई. पर इंजिनाचा आवाज कळतो की," म्हणत त्यांनी फिल्टरच्या रबरी पाईपवर तळहात दाबला. धडधड थांबली. "हितनं हवा शिरतीय. इंजिन ठणठणीत हाय. पाईप आवळायचा ह्यो क्लॅम्प सैल कुणी ठिवला?" "मीच," मी ओशाळून म्हणालो. त्यांनी हसत पाना माझ्यापुढं धरला. "मग आवळा तुम्हीच." मी आवळला, आणि गिऱ्हाईकाला फोन करून गाडी द्यायची नाही म्हणून सांगितलं. येत्या रविवारी तिचे ब्रेक पॅड मी बदलणार आहे, आणि त्यानंतरच्या पहिल्या फेरीला शेजारी बसायला बायको तयार झालीय.