रिळांवरचं इंग्रजी

माझी धाकटी जाऊ मास्तरांकडे इंग्रजी शिकली, असं सांगितलं की लोकांना शाळेतले मास्तर वाटतात. आमचे मास्तर गळ्यात टेप घालणारे आणि कानावर पेन्सिल खोचणारे. टेलर मास्तर. मी स्वतः पाटी फुटेपर्यंतच शाळेत गेले, तेव्हा दुसऱ्याच्या शाळेला नावं ठेवायचा मला हक्क नाही.

जाऊ त्यांच्या दुकानात काजं करते. शर्टाचं बटण ज्यातून जातं ते भोक म्हणजे काज. हल्ली मशीनवरही करतात, पण मशीनचं काज चार धुण्यांत दात विचकतं, असं तिचं म्हणणं. "दिवसभर भोकंच पाडते मी, ताई," ती म्हणते, "पण माझ्या भोकांमुळेच लोकांची अब्रू झाकलेली राहते." काजं करते म्हणून मास्तर तिला काजवा म्हणतात. ती रागावल्यासारखं करते, पण हाकेला ओ देते.

माझा धाकटा दीर गेला तेव्हा त्यांचा लेक पायजम्याची नाडी बांधायला शिकत होता. जावेने काजं करून त्याला शिकवलं. इतकं शिकवलं, की तो शिकून पार विमानाच्या वाटेने लांब गेला. मुलं शिकवताना हे कुणी आधी सांगत नाही. तिकडेच नोकरी, तिकडेच लग्न, तिकडेच मुलगी झाली. सून गोड आहे, पण तिच्या जिभेला आपली भाषा वळत नाही, आणि पोर आईच्या जिभेवर गेली. आम्ही तिला चिमणी म्हणतो. ती चिवचिवते भरपूर, सगळं इंग्रजीत.

रविवारी फोन यायचा, चेहरे दिसणारा. नात आणि आजी एकमेकींकडे बघत बसायच्या, कुंपणावर दोन मांजरी बसतात तशा. सुरुवातीला हाय, शेवटी बाय.

"हाय आणि बायच्या मधे काहीच नाही हो ताई," एकदा जाऊ म्हणाली. "बटण आहे, पण काजच नाही."

तेव्हा ती मास्तरांकडे गेली. मास्तर म्हणाले, "इंग्रजी होय? आहे की आपल्याकडे. रिळांवर."

दोऱ्याच्या प्रत्येक रिळाला रंगाचं नाव चिकटवलेलं असतं. मास्तरांनी डबा पालथा केला आणि शिकवणी सुरू झाली. स्काय ब्लू म्हणजे आभाळ. लीफ ग्रीन म्हणजे पान. सी ग्रीन म्हणजे समुद्र, स्नो व्हाइट म्हणजे बर्फ, सनफ्लॉवर यलो म्हणजे सूर्यफूल. "पान एक असलं तर लीफ, पुष्कळ असली तर लीव्ह्ज," हेही त्यांनी सांगितलं, कारण पानांच्या छापाचं कापड ते त्याच नावाने विकत आणत. जावेने काजव्याचंही इंग्रजी विचारलं. मास्तरांनी सगळी रिळं चाळली. "काजव्याचा शेड येत नाही बुवा," म्हणाले. "घटकेत पेटतो, घटकेत विझतो. असा दोरा कोण काढणार?"

झालं असं, की शब्द आले ते रंगासकट आले. आभाळ म्हणजे स्काय ब्लू, ते तोडायचं नाही. पुढच्या रविवारी जावेने फोनमध्ये तोंड घालून विचारलं, "चिमणी, स्काय ब्लू?"

चिमणीने खिडकीबाहेर पाहिलं. "नो आजी. ग्रे."

"येस, येस," जाऊ मोठ्या समजुतीने म्हणाली. "स्काय ब्लू ग्रे."

पोर खुर्चीवरून खाली पडेपर्यंत हसली. जावेला वाटलं, फजिती झाली. आता पोर फोनवरच यायची नाही. पण पुढच्या वेळी चिमणीनेच आधी ओरडून सांगितलं, "आजी! टुडे स्काय ब्लू इज ब्लॅक!" मग त्यांची तीच बोली झाली. तिकडे बर्फ पडून चिखल झाला, की स्नो व्हाइट ब्राऊन. इकडे कुंडीतलं रोप उन्हाने करपलं, की लीफ ग्रीन यलो. चिमणीच्या खिडकीशी एक झाड होतं. ते आम्हाला दर रविवारी दाखवलं जायचं, घरातल्या माणसासारखं.

लेक म्हणाला, यंदा आम्ही नक्की येतो. जावेने त्याच दिवशी मास्तरांकडून कापड कापून आणलं. पण फोनमधल्या पोरीचं माप घ्यायचं कसं? चिमणीला दाराला पाठ लावून उभं केलं.

मास्तरांनी विचारलं, "दार केवढं आहे?"

जाऊ म्हणाली, "दार? फोनएवढं."

शेवटी फ्रॉक वाढत्या अंगाचा शिवला. खाली चार बोटं दाब ठेवला, म्हणजे पोर वाढली तरी उसवून लांब करता येईल. पाठीवर बटणं, त्यांना हाताची काजं आणि घेरावर लीफ ग्रीन दोऱ्याने पानांची रांग. "पोरीला घालताना पहिलं बटण मी लावणार," जावेने मला बजावून ठेवलं होतं. जसं काही मी टपूनच बसले होते.

मग एका रविवारी चिमणी फोनवर आली ती ओठ काढून. मागच्या खिडकीतलं झाड पार बोडकं दिसत होतं.

"आजी, डॅडी गॉट नो लीव्ह."

जावेने झाडाकडे पाहिलं आणि तिचा जीव गलबलला. "लीफ ग्रीन नो? नो क्राय, राणी. कम, कम. लीफ ग्रीन कम!"

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस!" जावेने छातीवर हात ठेवून सांगितलं.

मग लेक समोर आला. आईकडे न बघता माझ्याशीच बोलला. "मोठी आई, तूच सांग ना आईला. यंदा रजा नाही मिळाली."

फोन ठेवल्यावर, लेकाच्या बोलण्यावरून मला उमगलं ते मी तिला सांगितलं. जाऊ सुईत दोरा ओवत होती. ओवला, गाठ मारली, मग म्हणाली, "म्हणजे पोर झाडाचं नव्हती बोलत?"

"नाही गं. लीव्ह म्हणजे रजा."

"आणि मी तिला प्रॉमिस करून बसले."

लेक येणार नाही याचं तिला वाईट वाटलंच, पण तशी तिला सवय होती. पोरीला दिलेला शब्द मात्र तिला सुईसारखा टोचत राहिला. दुसऱ्या दिवशी तिने मास्तरांना धारेवर धरलं. "लीव्ह म्हणजे रजा असतं, हे का नाही सांगितलंत?"

"अहो काजवाबाई," मास्तर म्हणाले, "मी जन्मात कधी दुकान बंद ठेवलंय का? मला रजेचं इंग्रजी कुठून येणार?"

तेव्हापासून ती त्या एका शब्दाला कान लावून बसली. रविवारचा फोन असला की लेकाच्या बोलण्यात लीव्ह येतं का बघायची. विचारायची मात्र नाही. "विचारलं की तो खाली बघतो हो ताई," म्हणायची. "खाली बघणारा लेक मला फोनमध्ये नको." फ्रॉक ट्रंकेत होता. मधूनच तो काढायची, झटकायची, दिवसभर उन्हात टाकायची आणि परत त्याच घडीवर घालायची.

परवाची गोष्ट. मी तिचा डबा घेऊन दुकानात गेले होते. रविवार नव्हता, तरी फोन वाजला. जावेने घाबरतच उचलला, आणि त्यातून चिमणीचा कलकलाट.

"आजी! लीव्ह्ज! लीव्ह्ज केम! यू प्रॉमिस्ड!"

जाऊ ताडकन उठली. मांडीवरची बटणं दुकानभर सांडली. "मास्तर! ताई! रजा मिळाली! येतोय लेक माझा!"

मास्तरांनी मशीन थांबवलं, गळ्यातला टेप काढला. लग्नाला निघाल्यासारखा चेहरा केला होता त्यांनी. मीही हातातला डबा कुठे ठेवू ते न कळून तशीच उभी.

तोवर तिकडे चिमणीने फोन खिडकीकडे वळवला. झाडाला पालवी फुटली होती. टिकलीएवढी पानं, फांदीफांदीला.

मास्तर खाली वाकून बटणं वेचायला लागले. मी जावेच्या तोंडाकडे बघायचं टाळलं, आणि तरी बघितलं. ती फोन नाकाशी धरून त्या झाडाकडे टक लावून बघत होती. मग एका हाताने तिने रिळांचा डबा ओढला. लीफ ग्रीन काढून फोनच्या काचेला लावलं, मान हलवली, ठेवून दिलं. दुसरं काढलं, लावलं.

"चिमणी, नो लीफ ग्रीन," ती म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा. "पॅरट ग्रीन. बेबी. लीफ ग्रीन लेट."

"ओके, आजी," चिमणी म्हणाली. रोज बघेन आणि लीफ ग्रीन झालं की कळवेन, असंही काहीतरी म्हणाली. तेवढं मला समजलं. मग बाय.

"कोवळी आहेत हो अजून," फोन पुसत जाऊ आम्हाला म्हणाली. "लीफ ग्रीन यायला वेळ आहे."

"हो, हो," मास्तर टेबलाखालूनच म्हणाले. "शेड काय एका दिवसात चढतो?"

घरी आल्यावर तिने ट्रंक उघडली. फ्रॉकची खालची शिवण उसवली, बोटभर दाब सोडला आणि पुन्हा दुमडून टाचायला बसली. आत दुमडलेलं कापड बाहेर आलं, ते बाकीच्यापेक्षा गडद होतं.

"अजून आहे दाब," माझ्याकडे न बघता ती म्हणाली.