व्याह्यांच्या मिरचीवर उतरलो ती गोष्ट

आधीच कबूल करतो: रेडिओ बिघडलेला नव्हता. आवाज अगदी स्वच्छ येत होता. मीच रेडिओचं कानातलं बोंड काढून कॉलरमध्ये खोचलं आणि नंतर चार लोकांसमोर म्हणालो, "मला काहीच ऐकू आलं नाही." एवढं एकच वाक्य. पण त्यापायी एका मुलीचं काम जायची वेळ आली, आणि मी घरी गरम पाण्यात पाय सोडून बसलो.

नंदुरबारला माझी मिरचीची दलाली आहे. पन्नाशी उलटली, पोट सुटलं. उंचावर जायची हौस मला कधीच नव्हती. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे हे बघायलासुद्धा मी बायकोला पाठवतो. तरी विमानातून उडी मारली, त्याला कारण माझे व्याही.

व्याही माणूस चांगला. शहराबाहेर त्यांची पथारी आहे, म्हणजे ओल्या मिरच्या उन्हात पसरून वाळवायचं मोठं मैदान. एकदा ते दुबईला जाऊन आले आणि विमानाच्या खिडकीतून काढलेला ढगांचा फोटो त्यांनी दाराएवढा करून बैठकीत लावला. मुलीला भेटायला गेलो की चहाच्या आधी तो फोटो येतो. "दखा याही, ढग खाले, आपन वर!" याही म्हणजे आमच्या बोलीत व्याही. मी मुलीचा बाप. मान हलवतो. चहाबिस्किटाला हात लावत नाही, कारण लेकीच्या घरचं खायचं नाही ही आमच्याकडची जुनी रीत. रिकाम्या पोटी दुसऱ्याचे ढग बघणं फार अवघड असतं.

यंदाच्या हिवाळ्यात बाहेरगावची काही मंडळी छोटं विमान घेऊन आली आणि माळावर रोलर फिरवून त्यांनी धावपट्टी केली. एक दिवस शिकवणार, दुसऱ्या दिवशी छत्री बांधून उडी. मी नाव दिलं. पण नुसती उडी मारून भागणार नव्हतं. व्याह्यांच्या बैठकीत दाखवता येईल असं काहीतरी हवं होतं. काडेपेटीपेक्षा जरा मोठा असा एक कॅमेरा जावयाकडे होता. लेकीच्या घरचं पाणी न पिणारा मी, पण मुलीला फोन करून सांगितलं, "सुरतच्या व्यापाऱ्याले मिरचीना फोटो धाडना शेत." तिने कॅमेरा पाठवून दिला.

शिकवणारी मुलगी पुण्याकडची, तिशीच्या आतली. तिने स्वतः शेकड्यांनी उड्या मारलेल्या, पण नवशिक्यांना जमिनीवरून रेडिओने दिशा सांगून उतरवायचं काम तिच्याकडे याच शिबिरात पहिल्यांदा आलं होतं. हे तिनेच आम्हाला सांगितलं, आणि सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. मला ती काका म्हणायची. तेही मला लागायचं.

"काका, कॅमेरा नाही ना आणलेला?"

"छे, मॅडम. मला साधा फोन लावता येत नाही."

"पहिल्या उडीला कॅमेरा नको म्हणजे नको. सगळं लक्ष त्याच्यात जातं. हात भलतीकडे जातो. त्याला छत्रीची एखादी दोरी अडकली तर वर सोडवायला कोण येणार? मी स्वतः किती तरी वर्षांनी लावला."

मी गंभीरपणे मान हलवली. कॅमेरा तेव्हा माझ्या विजारीच्या खिशात होता.

छातीवरच्या लाल मुठीला उगाच हात लावायचा नाही, हे तिने पुन्हापुन्हा सांगितलं. मोठी छत्री उघडली नाही तरच ती मूठ ओढायची, म्हणजे राखीव छत्री सुटते. मोठी छत्री नीट उघडलेली असताना दुसरी सुटली तर दोन्ही एकमेकींत गुंतू शकतात. शेवटी तिने उतरायची जागा दाखवली. गवतावर लाल कापडाची फुली अंथरली होती.

"पण काका, तुमच्याकडे या दिवसांत खाली सगळंच लाल असतं. म्हणून डोळ्यांवर जाऊ नका. माझा आवाज ऐका."

उडी कशी मारली ते मला नीट आठवत नाही. मागून कोणीतरी "गो" म्हणालं, आणि पुढचं एकदम आठवतं ते छत्रीखाली लोंबणं. नवशिक्याची छत्री विमानाला बांधलेल्या पट्ट्याने आपोआप उघडते, त्यामुळे त्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं. खाली तापीची चंदेरी रेघ, उसाचे हिरवे तुकडे, आणि कानात तिचा शांत आवाज. "छान, काका. आता उजवा हात हळूच खाली. उजवा."

विमानात चढण्याआधी मी कॅमेरा जॅकेटच्या आत छातीशी बांधून चालू करून ठेवला होता. चेन चाचपून खाली ओढली आणि व्याह्यांसाठी पाठ केलेलं भाषण सुरू केलं. मध्येमध्ये ती मुलगी बोलत होती. म्हटलं, चित्रीकरणात हिचाच आवाज येईल. काढलं बोंड कानातून.

भाषण झकास झालं. संपलं तेव्हा खाली लाल दिसलं. ऐसपैस, छान लाल. मला वाटलं, फुली वरून जरा मोठीच दिसते. सारं आयुष्य मिरचीत गेलेल्या माणसाला वरून मिरची ओळखता आली नाही, आणि मी थेट पथारीत उतरलो.

लागलं फारसं नाही, मिरच्यांच्या गादीवर पडलो. पण वारा भरलेली छत्री मला घेऊन निघाली, आणि वखर चालावा तसा मी पथारीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. तोंडाला फडकी बांधून मिरच्या परतणाऱ्या दोन बाया होत्या. एक ओरडली, "वं माय! हाऊ कोठून पडना?"

दुसरी म्हणाली, "पडना तं पडना, पन बठ्ठ्या मिरच्या सरकावी टाक्यात ना!"

शेडमधून एक गृहस्थ हातात स्टूल घेऊन शांतपणे चालत आले. माझे व्याही.

"या याही, या. येवानं व्हतं तं फोन करना व्हता. बठा."

मी शिंकत होतो. नाकाडोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. आणि त्या अवस्थेतही मी म्हणालो, "नको, नको, आताच पिऊन निघालो."

"वरतून?" व्याह्यांनी विचारलं.

तेवढ्यात शिबिराची जीप आली. आत प्रमुख आणि ती मुलगी. उतरून पळत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी धड आहे हे बघून ती मिरच्यांतच मटकन बसली. तोवर मी चेन वर ओढून घेतली होती. प्रमुखांनी विचारलं, "रेडिओवर सांगत होते ना तुम्हाला? इकडे कसे आलात?"

शेजारी व्याही उभे होते. खरं सांगायचं तर कॅमेरा काढावा लागणार, आणि तो त्यांच्याच मुलाचा. मी म्हणालो, "मला काहीच ऐकू आलं नाही."

प्रमुख तिच्याकडे वळले. "तू तपासला होतास?"

"हो, सर."

"मग?"

ती माझ्या कॉलरकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र घ्यायला गेलो तर ती टेबलामागे बसून हेल्मेटं वाटत होती. रेडिओ दुसऱ्याच कोणाच्या हातात होता. तिला पुन्हा रेडिओवर घ्यायचं की घरी पाठवायचं, हे शिबिर संपताना ठरणार होतं. "कशी आहे तब्येत, काका?" तिने विचारलं. मी प्रमाणपत्र न घेताच परतलो.

दुकानाच्या मागच्या खोलीत बसून कॅमेऱ्यातलं पाहिलं. निम्मा वेळ माझी हनुवटी आणि नाकपुड्या होत्या. पण अर्धी उघडलेली चेन आणखी खाली ओढायला चाचपडताना माझी बोटं दोनदा त्या लाल मुठीवर गेलेली दिसली. दुसऱ्यांदा तर चेनचं टोक समजून मी ती जरा ओढलीही होती. तेव्हा मेलो असतो तर खोटं बोलायलाही उरलो नसतो, आणि आळ मात्र तिच्यावरच आला असता.

एवढं कळूनही मी लगेच गेलो नाही. संध्याकाळी जावई कॅमेरा न्यायला आले, सोबत व्याही. माझ्या लेकीकडून कोणाच्या कानावर काय गेलं होतं कोण जाणे. मी म्हणालो, "चित्र आलंच नाही." जावयांनी मुकाट्याने कॅमेरा टीव्हीला जोडला. आधी माझ्या नाकपुड्या आल्या, मग माझा आवाज:

"राम राम याही! तुम्हीन खिडकीमातून ढग दखात, मी बिगर खिडकीना शे! तो फोटो काढा आते भिताडवरतून!"

व्याही हसत सुटले. मांडीवर थापा मारत म्हणाले, "मन्हा ढगस्नी इज्जत काढी याहीनी!" सगळं घर हसत होतं. त्या गोंधळात पुढचं वाक्य बुडून गेलं. मी वाचलो.

पाहुणे गेल्यावर बायकोने विचारलं, "कानमातून काय काढं तुम्हीन?"

"मळ," मी म्हणालो.

ती हसली नाही. दिवा मालवून झोपली.

सकाळी मी व्याह्यांना फोन करून शिबिरावर यायला सांगितलं, कॅमेरा घेऊन. ज्यांच्यासमोर खोटं बोललो त्यांच्यासमोरच बोलायचं होतं. मनात हिशेब सोपा होता: कॅमेरा लावायचा, तोच सगळं सांगेल, आपण खाली मान घालून उभं राहायचं.

प्रमुखांनी काल हसण्यात बुडालेलं ते वाक्य ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "मला समजलं नाही. ही कुठली भाषा?"

विमानवाले, हेल्मेटवाले, रांगेतले नवशिके, सगळे बघत होते. त्यात आमच्या बाजारातले दोन व्यापारीही होते. ते आधीच गालात हसत होते. मी व्याह्यांकडे पाहिलं.

"मी काबर सांगू?" ते म्हणाले. "तुम्हना आवाज शे. तुम्हीच सांगा."

मग मलाच सांगावं लागलं. "मी म्हणतोय, ही पोरगी फार बोलते. हिला कानातून काढतो, नाहीतर माझा आवाज कसा येणार?"

कोणीतरी फिसकन हसलं. प्रमुख हसले नाहीत. ती मुलगी हेल्मेटच्या पट्ट्या सरळ करत होती, तिचा हात थांबला. येताना वाटेत मी शुद्ध मराठीत चांगली चार वाक्यं जुळवली होती, दिलगिरी, गैरसमज असे शब्द घालून. त्यातलं एकही आठवेना. जॅकेटच्या शिवणीत अजून मिरचीचं बी होतं, ते नाकात गेलं आणि आधी एक सणसणीत शिंक आली. मग बोललो.

"मॅडम, तुमचा आवाज येत होता. उजवा हात खाली म्हणालात, तेही ऐकू आलं. कॅमेरा मी लपवून नेला, बोंड मी काढलं, आणि व्याह्यांसमोर लाज वाटली म्हणून तुमच्यावर ढकललं. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. मला माफ करा."