बिनचेहऱ्याची नायिका

सिनेमा सुरू झाला की ती पडद्याकडं पाठ करून बसायची. महिनोन्‌महिने खपून एकेक चित्र काढून हलतं करायचं, आणि बघायचं कुणाकडं, तर बघणाऱ्यांकडं. "पडद्यावर काय हाय ते मला ठावं हाय की," म्हणायची. "माणसांची तोंडं कवा उघडत्यात ते बघायचं."

तुम्हालाही माणसं न्याहाळायची खोड असेल, तर तिच्याशी तुमचं पहिल्या दिवशी जमलं असतं. माझं जमायला वेळ लागला. सांगलीत माझा छोटा स्टुडिओ आहे, आवाज भरून देण्याचा. निवडणुकीच्या घोषणा, हळदीच्या जाहिराती, झालंच तर आरत्या. तिथं एके दिवशी आटपाडीची ही मुलगी वाड्याचा अख्खा भारा घेऊन आली आणि माझ्या गालिच्यावर तो धपकन टाकला. वाडं म्हणजे उसाच्या शेंड्यांचा हिरवा पाला. बायका तो जनावरांसाठी रानातून डोक्यावर आणतात.

"काका, ही आपली हिरॉईन. हिचा आवाज भरायचा."

"हिचा चेहरा कुठाय?"

"न्हाई. भाऱ्याखाली बाईचा चेहरा तुमाला कवा दिसलाय?"

तिची नायिका होतीच तशी. खाली दोन पाय, बोटांत जोडवी, टाचांना भेगा. वर सगळा पाला. डोळे नाहीत, तोंड नाही. लाजली की भारा एका अंगाला कलायचा, चिडली की पाल्याची टोकं ताठ व्हायची, हसली की सगळा भारा सळसळायचा. ती सळसळ माझ्याकडून करून घेताना पाल्याच्या धारेनं माझे हात पार ओरबाडून निघाले. "काका, ह्ये हसणं न्हाई, ही शिंक झाली. परत!" मी मनातल्या मनात तिला जे बोललो ते छापण्याजोगं नाही.

गोष्ट चिमूटभर. भारा घेऊन बाई गावात येते. तो उतरवायला दुसऱ्या कुणाचा तरी हात लागतो, आणि तो मिळत नाही. खलनायक नाही, तात्पर्य नाही. सगळं गाव भाऱ्याखालून दिसेल तेवढंच दिसतं: चपला, गुडघे, कोंबड्या, स्कूटरचं चाक, आणि चहाच्या टपरीपाशी निवांत हलणारे बाप्यांचे पाय. ती प्रत्येकापुढं थांबते. पाय अदबीनं बाजूला सरकून तिला वाट देतात. हात मात्र कुणाचा येत नाही.

सिनेमा घेणारी कंपनी पुण्याची. त्यांचे साहेब आले, बघितलं आणि अस्वस्थ झाले.

"मॅडम, मुलांना डोळे लागतात. पाय कसे रडणार?"

तिनं पेन घेतलं आणि चित्रातल्या पायाची बोटं आत वळवली. "ह्यो बघा, रडला."

साहेब बराच वेळ त्या पायाकडं बघत राहिले, पण हट्ट सोडेनात. शेवटी भारा उतरायला हवा आणि खाली मोठ्या डोळ्यांचा हसरा चेहरा दिसायला हवा, नाहीतर सिनेमा घेणार नाही. बिचारीनं तो चेहराही काढला. छान काढला, आणि काढून झाल्यावर माझ्यासमोर रडली. "चेहरा दावला की ती एकीचीच झाली, काका. आत्ता ती समद्यांची हाय."

मग तिनं साहेबांशी घासाघीस केली. एक खेळ गावात करायचा. शेवटी बाईच्या घराच्या दारात उभ्या भाऱ्यापाशी चित्र थांबवायचं. लोकांनी चेहरा मागितला तर चेहरा दाखवायचा, आणि मग तोच शेवट कायम. साहेब कबूल झाले.

इस्लामपूरजवळच्या एका गावात, शाळेच्या हॉलमध्ये, खिडक्यांना सतरंज्या लावून भर दुपारी खेळ लागला. हॉल बायकांनी भरला. लॅपटॉप माझ्याकडं, शेजारी साहेब, आणि ही पडद्याकडं पाठ करून समोर.

भारा चालायला लागला आणि भांडणच सुरू झालं.

"आगं, ही तर आमची नणंद! चाल बघ की!"

"हॅट! ही मी हाय. पायातलं जोडवं बघ."

हिला हसू आवरेना, ओढणी तोंडात कोंबून बसली होती. मग टपरीपाशी पाय सरकायला लागले तसा हॉल गप्प झाला. भारा दारात पोचला. पायाची बोटं आत वळली. मी चित्र थांबवलं.

साहेब माझ्या कानाशी वाकले, "बघा, आता मागतील."

पुढच्या ओळीतून एक म्हातारी उठली. "आवं, बघत काय बसलाय? वझं उतरवा की तिचं!"

आणि ती तडक पडद्याशी गेली आणि दोन्ही हात वर करून तिनं भाऱ्याला लावले. तिच्या मागं दुसरी गेली, मग तिसरी. आमची ही बावरून मागं वळली आणि पहिल्यांदाच स्वतःचं चित्र सगळ्यांबरोबर बघत राहिली. पाल्यावर त्या बायकांच्या हातांच्या सावल्या पडल्या होत्या.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "तो चेहरा काढून टाका," एवढंच म्हणाले. मला इतका आनंद झाला, की हातावरच्या ओरखड्यांसकट मी तिला माफ करून टाकलं.

आता ती बंगळूरला मोठ्या स्टुडिओत असते. तिथं कुणाच्या तरी टपोऱ्या डोळ्यांना पापण्या लावत बसली असशील, असं मी तिला चिडवतो. खरं सांगायचं तर तिची फार आठवण येते. गावोगावचे खेळ आता मीच करतो. दारातल्या भाऱ्यापाशी चित्र थांबवतो आणि वाट बघतो. कुणी ना कुणी उठतंच. घरी येईपर्यंत तिचा फोन आलेला असतो.

परवा आटपाडीत खेळ होता. बायका उठायच्या बेतात होत्या, तेवढ्यात मागच्या भिंतीपासून फौजेतून निवृत्त झालेले एक मिशाळ आजोबा, "सरका, सरका," करत खुर्च्यांमधून पुढं आले आणि भाऱ्याला हात लावून ताठ उभे राहिले.

"किती जणी उठल्या, काका?" तिनं फोनवर विचारलं.

"एकच. आणि तो बाप्या होता."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"बाप्या? आन् आमच्या आटपाडीत?" ती ओरडली, आणि अशी हसत सुटली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.