साडूनं उचललेला गोटा

२०२३ साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो, आणि उभ्या वऱ्हाडात माझ्या अकोल्याच्या साडूएवढा ताकदवान माणूस झाला नाही, हे तोवर पन्नास वर्षं ऐकत आलो होतो. ऐकत आलो ते त्याच्याच तोंडून. डोळ्यानं पाहायचा योग काही येत नव्हता. शनिवारी म्हणावं तर मारुतीचा वार, ताकद दाखवायची नसते. जेवणानंतर म्हणावं तर पोट भरलेलं, आधी म्हणावं तर रिकामं. आमच्याकडे येताना बडनेऱ्याला गाडीतून उतरला की डब्यातल्या कुणा परक्याकडून थैली खाली उतरवून घ्यायचा आणि माझ्याकडे पाहत उभा राहायचा. "उचला साडूबुवा. मी धरली तं मूठ तुटते थैलीची." लोणच्याच्या बरणीचं झाकण बायको उघडणार, कारण याच्या हातानं म्हणे काच फुटते. एकदा आमच्याकडे खाटेवर बसला आणि खाटेची दोरी तुटली. दोरी कुजलेली होती, मीच सांगतो, पण त्या दिवसापासून अकोल्यात सांगत सुटला, "साडूकडच्या खाटाईले मी झेपत नाई."

या सगळ्याचं मूळ म्हणजे चांदूर रेल्वेजवळच्या आमच्या सासुरवाडीचा गोटा. मारुतीच्या देवळासमोर पडलेला काळा गोल दगड, दोन कोहळे एकाला एक चिकटावे एवढा. गावात वरात आली की नवरदेव आधी मारुतीला जातो, आणि तिथं पोरं त्याला डिवचतात: गोटा उचल, मग पोरगी ने. साडूनं म्हणे मुंडावळ्यांसकट छातीपर्यंत उचलला. "खालून देवळाच्या बाजूनं चार बोटांची खाच हाये साडूबुवा, ते सापडली का झालं," हे तो शेंगा सोलाव्या इतक्या सहज सांगे. त्या लग्नाची वांगी आमच्याच मळ्यातली. मी मांडवामागं बैलगाडीतून वांगी उतरवत होतो. ओरडा ऐकून धावलो, तर गोटा खाली आणि नवरदेव लोकांच्या खांद्यावर. दोन वर्षांनी त्याच घरची धाकटी मी केली, आणि गोटा माझ्याच्यानं हलला नाही. आता मी रोज भाजीची डाली वाहणारा गडी; माझ्याच्यानं नाही हलला तो या काडीपैलवानाच्यानं कसा हलेल? चार जणांनी हात लावला असेल, हे माझं मत. ते मी प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात बोलून दाखवलं.

मग २०२३ साली देवळासमोर फरशी बसवायचं ठरलं. गोटा सिमेंटात कायमचा बसणार आणि गोटा उचलणाऱ्या जावयांची नावं भिंतीवर लिहिणार. आम्हां दोघांनाही सांगावा आला. नावं लिहायचं काम साळ्याकडे, म्हणजे आमच्या बायकांच्या धाकट्या भावाकडे; साडूच्या लग्नात तो पाळण्यात होता. बाकीच्यांना साक्षीदार मिळाले. साडूच्या नावाशी येऊन साळा थांबला.

"मोठे भाऊजी, तुमाले कोणी पाह्यलं? पाह्यणारे तं सगळे गेले."

साडूनं नेहमीसारखी छाती काढली नाही. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "नोको लिहू मंग," म्हणाला. "कोणाले खरं वाटते?"

साळा माझ्याकडे वळला. "तुमी होते ना तवा, वांगे घेऊन? पाह्यलं का उचलताना?"

मी चौथी शिकलेला माणूस, पण भाजीच्या काट्यावर कधी खोटं माप केलं नाही. म्हणालो, "पाह्यलं. छातीलोक उचलला."

साडू पाहतच राहिला. "पन्नास वर्सं कावून नाई बोलले?"

"तुमी बोलू द्यान तवा बोलीन ना!"

मुक्काम साळ्याकडेच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवाले यायच्या आत मी खुरपं घेऊन देवळात गेलो. न पाहिलेलं पाहिलं म्हणालो, ते टोचत होतं. देवळाच्या बाजूची माती उकरली, गोट्याखाली हात घातला. खाच होती. माझी चार बोटं नीट बसली. जोर लावला, गोटा जागचा हलला नाही. माती परत लोटली, मारुतीला हात जोडले आणि घरी आलो. साडू ओसरीवर गाडीसाठी तयार बसला होता. मनगटं गवारीच्या वाळक्या शेंगांसारखी झालेली. थैलीला हात घालत म्हणाला, "आज मी घेतो."

"राहू द्या," मी म्हटलं, "मूठ तुटंल." आणि थैली खांद्याला लावून पुढं चालू लागलो.