तीन कोरडे फ्यूज

भूतखेत, अंगात येणं, करणी... असलं काही कुणी सांगायला लागलं की माझं उत्तर ठरलेलं असायचं — "आधी वायरिंग तपासा." आजही तेच म्हणते. फक्त एका दुपारचं वायरिंग मला अजून सापडलेलं नाही.

साधारण २००१ साल. मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते, विषय सिस्टीम्स डिझाईन. प्रोजेक्ट आमच्याच गावच्या, न्हावऱ्याच्या विहिरीवर केला होता. लोडशेडिंगमुळे लाईट कधी येईल याचा नेम नसायचा. ती आली की मोटर आपोआप चालू व्हावी. पण विहिरीत माणूस असेल तर 'लॉक' बटण दाबावं, म्हणजे मोटर चालू होणार नाही — अशी माझी सिस्टीम. ती बघायला गाईड सर पुण्याहून शिरूरमार्गे एसटीने आले होते.

आमच्याकडे विहिरीत उतरणारा माणूस वरच्या मोटरच्या पेटीतले तिन्ही फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालतो. मग वर कुणी काहीही दाबो, मोटर फिरत नाही. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, त्या दिवशीही तेच केलं. खाली विहिरीतल्या मोटरला पंपाशी जोडणाऱ्या कपलिंगचं रबर बदलायचं होतं. हात थेट फिरत्या भागात जाणार.

मला सरांसमोर कसंसंच झालं.

"आप्पा, फ्यूज द्या इकडं. मग माझ्या सिस्टीमचा उपयोग काय?"

"आगं, ऱ्हाऊ दे की खिशात. काय वझं हुतंय का?"

"सर हसतील."

आप्पांनी सरांकडे पाहिलं, फ्यूज माझ्या हातावर ठेवले आणि खाली उतरले. मी ते पेटीत बसवले, लॉक दाबलं, पेटीला कुलूप घातलं. किल्ली माझ्या मुठीत.

आप्पा कमरेभर पाण्यात, दोन्ही हात कपलिंगमध्ये — आणि लाईट आली. लॉक असूनही माझ्या पॅनेलमधला रिले खट्कन वाजला. म्हणजे 'मोटर चालू कर' असा हुकूम गेला होता. मी झटकन मेन स्विच पाडला, वाकून पाहिलं... मोटर हललीच नव्हती.

कुलूप काढलं. फ्यूजच्या तिन्ही जागा रिकाम्या.

"आप्पा, खिसा बघा!"

त्यांनी पाण्याखालीच चड्डीचा खिसा चाचपला आणि वर आले. तिन्ही फ्यूज माझ्या हातात दिले. चड्डीतून पाणी निथळत होतं, फ्यूज कोरडे ठणठणीत.

सर काही विचारणार, तोच आप्पा म्हणाले, "म्या दिलंच नव्हतं, साहेब. जुनी खोड. पोरीची काय चूक न्हाई."

सरांच्या डोळ्यांदेखत दिले होते. सरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि परतीच्या एसटीची वेळ विचारली.

लॉकचा दोष मला दुसऱ्या दिवशी सापडला. एका वायरचा टाका सुटला होता. त्याला कारण आहे. फ्यूजना नाही. आप्पांना मी एकदाच विचारलं.

"तू मागितलं, म्या दिलं. फुडचं मला ठावं न्हाई."

त्या दुपारची आता भीती वाटत नाही. लाज वाटते ती नंतरची. मी घरी असले की विहिरीत उतरण्याआधी आप्पा फ्यूज काढून माझ्यापुढे धरायचे. टोमणा नसायचा तो. खरंच विचारायचे —

"ठिवू का गं खिशात?"