शेवटचा भाला आणि माझा स्टीलचा डबा

मॉरिसव्हिलच्या ऑफिसातून अलास्काला जायला कुणी तयार होईना, तेव्हा मीच हात वर केला. समुद्रकाठच्या एवढ्याशा गावात शाळेचे कॉम्प्युटर बसवायचे होते. हॉटेल नव्हतंच, म्हणून एका आजीबाईंच्या घरी उतरलो. सवयीने त्यांना काकू म्हणालो, आणि बघता बघता अख्खं गाव त्यांना काकू म्हणायला लागलं.

काकूंचा मुलगा देवमाशाच्या शिकारीला जाणाऱ्या होडीचा प्रमुख होता. जगात जवळजवळ सगळीकडे ही शिकार बंद, इथल्या मूळ रहिवाशांना मात्र पोटापुरती परवानगी, तीही मोजून मापून. भाला लागला की तो हिशेबात धरायचे, मासा हाती येवो न येवो. त्या वर्षी एक मासा भाल्यासकट बर्फाखाली निसटला होता. आता गावाच्या परवानगीतला एकच भाला उरला होता. तोही वाया गेला, तर उन्हाळ्यातली मेजवानी नाही आणि हिवाळाभर दुकानातलं महागडं चिकन.

आईने पाठवलेला चिवडा मी काकूंना डब्यात घालून दिला. दुसऱ्या दिवशी डबा परत आला, तो भरून! रिकामा डबा परत करत नाहीत, हे इथेही? मी हरखूनच गेलो. आत ओल्या खोबऱ्याचे तुकडे होते, पांढरेशुभ्र, पाठीला काळी साल. एक मोठा तुकडा तोंडात टाकला. चावतोय, चावतोय, खोबरं काही तुटेना. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आमच्या घराण्यात कुणी अंडंसुद्धा फोडलेलं नाही आणि मी थेट देवमासा खात होतो!

"कसं आहे?" काकूंनी विचारलं.

"छान," मी म्हणालो. यार, खरंच छान होतं.

मग एका दुपारी मी शाळेत टेबलाखाली वायरी जोडत असताना रेडिओवर ओरडा झाला, "लागला!" सगळे जागच्या जागी थिजले. मासा बुडाला तर सगळंच बुडालं. बऱ्याच वेळाने पुन्हा आवाज आला, "मिळाला! ओढायला या!"

शाळा रिकामी झाली. मीही पळत सुटलो, बर्फावर दोनदा आपटलो, हसत उठलो. सगळं गाव दोराला लागलं होतं. दोर हातात आल्यावर माझ्या तोंडून काय निघणार? "गणपती बाप्पा!" शेजारच्या पोरींना "मोरया" शिकवलं, आणि तो प्रचंड मासा मोरयाच्या गजरात बर्फावर चढला. मी वेड्यासारखा नाचत होतो.

दोर ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो. "डबा आण," काकू म्हणाल्या. मी म्हटलं, "मागचा खाऊ अजून आहे की."

"जपून खा. फ्रीजरमधला शेवटचा होता तो," त्या हसत म्हणाल्या. "रिकामा डबा कसा देणार?"

त्यांनी तो डबा भरून दिला, तेव्हा हा मासा मिळेल की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. मला एकदम रडू आलं. रडतच डबा आणायला पळालो.