जोत्यातल्या बारा जाळ्या

एप्रिलमध्ये आमच्या नळाचं तापलेलं पाणी अंगावर घेताना माणूस दचकतो. त्या सोलापुरात एका गिरणीच्या इंग्रज साहेबानं चार धुराड्यांचं घर बांधलं होतं. आत खोल्याखोल्यांतून शेकोटीचे कोनाडे. बिचाऱ्याला विलायतेतल्या आपल्या गावची हवेली आठवत असावी, म्हणून उभं उतरतं छप्पर, दगडी कमानींच्या खिडक्या आणि मातीपासून दोन हात उंचावर सागवानी फळ्यांची जमीन. पुढं तिथं सरकारी कचेरी आली, घर शहराच्या वारसा यादीत गेलं आणि त्याची देखभाल माझ्या वाट्याला आली.

मी कनिष्ठ अभियंता. आणि भित्री. वरिष्ठांचा फोन आला तरी मी खुर्चीतून उठून उभी राहते.

फळ्यांच्या जमिनीखाली पोकळी होती, आणि तिला वारा मिळावा म्हणून जोत्यात चारी बाजूंनी बारा लोखंडी जाळ्या होत्या. सात वर्षांपूर्वी एका कारकुनाला तुटक्या जाळीतून साप आत जाताना दिसला. अख्खी कचेरी पाय वर घेऊन बसली. मलाही खुर्चीवरून उतरवेना. दुसऱ्याच दिवशी मी गवंड्याला बोलावलं आणि बाराही जाळ्या विटा-सिमेंटनं बुजवायला सांगितलं.

गवंडी साठीच्या घरातले. चुन्याचं जुनं काम जाणणारे, गावात त्यांच्याइतकं ते कुणालाच येत नव्हतं. मी त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनी थापी खाली ठेवली.

"मॅडम, ह्यातनं वारं जातंय खालनं. बुजवलं तर लाकूड कुजंल की."

"चाचा, कुणाला साप चावला तर उत्तर मला द्यावं लागेल. बुजवा तुम्ही."

वारसा यादीतल्या घराला खिळा मारायचा तरी समितीची परवानगी लागते. मी विचारलं नाही. भोकं बुजवायला कसली परवानगी, असं वाटलं. कागदावर कुठं नोंदही केली नाही. कचेरीत मात्र माझं कौतुक झालं, आणि ते मला आवडलं.

चार पावसाळ्यांनंतर दिवाणखान्यातल्या फळ्या पायाखाली दबायला लागल्या. ओला, कुबट वास यायचा. कारण मला त्याच दिवशी कळलं होतं. मी त्यावर गालिचा टाकला. मग रोज सकाळी कचेरीत शिरताना आधी कान द्यायचे, कुणी ओरडतंय का.

शेवटी कुणीतरी तक्रार केली. बाहेरच्या एका अभियंत्यानं पाहणी करून अहवाल दिला: इमारत धोकादायक, यादीतून वगळून पाडावी. पाडण्याआधी समिती बघायला आली. माझे वरिष्ठ होते, आणखी पाचसहा जण होते, आणि जुन्या इमारतींचं काम करणाऱ्या पुण्याच्या एक वास्तुविशारद बाई होत्या. बाई म्हणाल्या, वरून बघून काही कळणार नाही, कुणाला तरी खाली पाठवा. खाली सरपटत जाईल असा माणूस एकच होता. चाचांना निरोप गेला.

त्यांनी एक जाळी फोडली, तोंडाला रुमाल बांधला आणि बॅटरी घेऊन पालथे आत शिरले. त्यांच्या चपला तेवढ्या बाहेर राहिल्या. मी आत दिवाणखान्यात गेले तर समितीची सगळी मंडळी मधोमध उभी राहून छताचं कोरीवकाम बघत होती. फळ्या करकरत होत्या. त्यांच्या खाली चाचा होते.

"सर, भिंतीकडे सरकता का जरा?" मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा वरिष्ठ हसले. "मॅडम फार घाबरतात," असं म्हणून त्यांनी पाऊल उचललं, आणि फळी मोडून त्यांचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला.

खालून आवाज नाही. मी त्या भोकाशी गुडघे टेकून "चाचा, चाचा" म्हणत राहिले. या माणसाला मी मारलं, एवढं एकच डोक्यात होतं. मग खालच्या अंधारात बॅटरीचा उजेड हलला.

ते बाहेर आले तेव्हा अंगभर माती होती आणि कोपर फुटलं होतं. बाईंनी पाणी दिलं. ते प्यायच्या आधीच चाचा म्हणाले, "ह्या अंगाच्या सा तुळया गेल्यात. बाकी लाकूड खणखणीत हाय. जाळ्या मोकळ्या करा. घर पाडायचं काय काम न्हाय."

बाईंचा चेहरा खुलला. लगेच त्यांनी विचारलं, "पण या जाळ्या बुजवल्या कुणी?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "म्या बुजवल्या," ते म्हणाले.

मी सांगितलं म्हणून, एवढंच मला म्हणायचं होतं. मी वाकून त्यांच्या चपला त्यांच्यापुढे ठेवल्या. वरिष्ठ माझ्याकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं हे?"

"नाही, सर."

घर वाचलं. समितीच्या अहवालात आलं की स्थानिक गवंड्यानं अज्ञानानं आणि विनापरवाना जाळ्या बुजवल्यामुळे नुकसान झालं. दुरुस्तीला बाहेरगावचे कारागीर आले, आणि त्या गवंड्याला पुन्हा आवारात कामाला घेऊ नये अशी अट पडली. ते पत्र मीच टाइप केलं. त्यांना सांगायला मात्र गेले नाही.

काम सुरू झालं त्या सकाळी चाचा थापी, ओळंबा आणि जेवणाचा डबा घेऊन फाटकाशी आले. पहारेकऱ्यानं अडवलं. मी वरच्या खिडकीत उभी होते.

"मॅडमना इचारा की," चाचा म्हणत होते, "त्यांना ठावं हाय."

पहारेकऱ्यानं मान वर करून खिडकीकडे पाहिलं. मी भिंतीआड सरकले.